काळ्या वाट्यांचं वाण

यंदा भाचेसुनेनं कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. मी हिमायतनगरहून ऑटोनं गेले. कुंकू लावून तिनं माझ्या हातात वाण ठेवलं. लाटालाटांच्या काठाची काळी वाटी, आत तिळगूळ. तिळगूळ बाजूला सारला आणि माझं डोकंच फिरलं. बुडाशी रेकॉर्डचं गोल लेबल, त्यावर दादाची निळ्या शाईतली सही!

"जुन्या रेकॉर्डी ओव्हनमध्ये गरम केल्या की मस्त वाकतात, आत्या. एकदम व्हिंटेज! आणि संक्रांतीला काळं चालतंच ना."

तेलुगू शेजारणी "चाला बागुंदी", फारच छान, म्हणत वाट्या निरखत होत्या. बागुंदी कसलं, कपाळ माझं!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हिचा सासरा; इथंच आतल्या खोलीत असतो. बरकतपुऱ्यातल्या घरात त्या केसाळ गिटारवाल्यांच्या रेकॉर्डी तो खोली दणाणून टाकत लावायचा. बाबा बाहेरून ओरडायचे, "बंद कर ते बोंबलणं!" की हा आवाज आणखी वाढवणार. रेकॉर्ड फक्त कडेनं धरायची हे मला त्यानंच शिकवलं. मध्ये बोट लागलं की टपली बसायची.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली. कुणाकडे बघेना, कशाला दाद देईना. मग मी ही रेकॉर्ड लावली. ड्रम सुरू झाले आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या हातावर ठेका धरला. तेव्हापासून दर रविवारी मी येऊन तीच लावत होते. आमचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

"अगं, एका शब्दानं विचारायचंस तरी!" मी सगळ्यांदेखत कडाडले.

"कायकू परेशान होताय, आत्या? सगळं फोनवर आहे. आणि पप्पांना आता काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय! फोनवर गाणं लावलं की तो भिंतीकडे तोंड फिरवतो. त्याला सुई उतरताना दिसावी लागते. बघितलंयस कधी खोलीत येऊन?"

मी वाटी घेऊन तरातरा आत गेले. दादा रेकॉर्ड प्लेअरशेजारी खुर्चीत बसला होता. मी वाटी त्याच्या मांडीवर ठेवली. वाटलं, आता हाही माझ्यासारखा पेटेल. पेटावाच, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यानं लेबलावरून अंगठा फिरवला. मग डाव्या हातानं, कडेनं धरून, वाटी हळूच प्लेअरवर ठेवली. ती तिथं डुगडुगत राहिली.

दादानं बोट खुर्चीच्या हातावर तयार ठेवलं आणि मी सुई ठेवायची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिला.