हिंजवडीतून मोजलेलं जगाचं सुख

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात, आकडे आणि किस्से. आकडे महिनाअखेरीला क्लायंटकडे जातात. किस्से कोणी मागत नाही, म्हणून ते माझ्याकडे उरलेत!

आधी काम सांगते. प्रगत देशांतली माणसं किती जगतात, झोपतात किती, आजार कोणते, आयुष्यावर खूश आहेत का, असे मोठमोठे सर्व्हे होतात. त्यांचे आकडे पुण्यात, आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात येतात. आम्ही ते साफ करून टेबलात मांडतो, म्हणजे कुठला देश वर आणि कुठला खाली ते कळतं. टीम लीड गायकवाड सर. पंचावन्नचे. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी डेन्मार्कला, आणि स्वतः भूगावात अकराव्या मजल्यावर एकटे. मीही भूगावचीच. त्यामुळे कॅबमध्येही सर, ऑफिसातही सर!

*

आदित्य नवीन लागला, तेव्हा त्याला सोपं काम दिलं. घरून ऑफिसला पोचायला किती वेळ लागतो, या रकान्यातल्या चुकीच्या नोंदी काढायच्या. दोन दिवसांनी क्लायंटचा मेल आला. "दहा-पंधरा मिनिटांत ऑफिसला पोचणारे सगळे लोक कुठे गेले?"

आदित्यने एकूण एक उडवले होते!

"सर, मला वाटलं टायपिंग मिस्टेक आहे. दहा मिनिटांत माणूस सोसायटीच्या गेटबाहेर तरी पडतो का?"

सर चिडले नाहीत. दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून आलेल्या माणसात चिडायची ताकद कुठून येणार? त्यांनी क्लायंटला कळवलं, "क्षमस्व. आमचा ॲनालिस्ट हिंजवडीत नोकरी करतो."



*

सर्व्हेतला प्रश्न साध्या माणसाला कळतो का, हे सर आधी आपल्याच लोकांवर ट्राय करतात. पहिला बळी आमचे कॅब ड्रायव्हर, शेजारच्या नेरे गावचे मारणेमामा.

"मामा, अडचणीच्या वेळी धावून येईल असं कोणी आहे का तुम्हाला?"

"हायेत की. लई हायेत! भाऊ, चुलते, मेव्हणे, सगळं गाव हाय."

सर खूश. वहीत टिक करणार, तेवढ्यात मामांनी आरशातून मागे बघितलं.

"पर सर, आडचन आनतंय कोन, त्ये न्हाई इचारलं? ती बी ह्येच समदे आनत्यात!"

*

जपानच्या टेबलापाशी आम्ही दरवेळी अडायचो. तिथली माणसं भरपूर जगतात, पण तब्येत कशी आहे विचारलं, की 'उत्तम' म्हणणारे फारच थोडे. सर बोर्डासमोर उभे राहून म्हणाले, "असं का असावं?"

पारूमावशी तेव्हा चहाचे कप गोळा करत होत्या. हाउसकीपिंगच्या मावशी, जवळच्या माण गावातून येतात. त्यांनीच उत्तर दिलं.

"त्यात काय? माजी सासू तशीच हुती. चाळीस वर्सं म्हनायची, आता माजं काय खरं न्हाई."

"मग?"

"मंग काय! तिला बगणारं तीन डाक्टर तिच्या आदी ग्येलं!"

*

सरांची मुलगी नोव्हेंबरात एकदा फोनवर रडली. दुपारीच अंधार पडतो, कोणाच्या घरी न कळवता जाता येत नाही, जीव रमत नाही. आम्ही कॅबमध्ये होतो, फोन स्पीकरवर. सर तिला धीर द्यायला गेले. म्हणाले, "अगं, पण समाधानाच्या टेबलात तुमचा देश दरवर्षी वर असतो!"

"हो बाबा," ती नाक ओढत म्हणाली, "म्हणूनच एकटीच खाली असल्यासारखं वाटतं."

त्या दिवसापासून सर तिला रोज संध्याकाळी कॅबमधून फोन करतात. टेबलाचं नाव काढत नाहीत. भाजी कुठली केली, एवढंच विचारतात.

*

आता हे जरा वेगळं. मार्चमधली दुपार, हृदयविकाराच्या टेबलाची डेडलाइन. सर सकाळपासून जागचे हलले नव्हते. पारूमावशी चहा घेऊन आल्या आणि कप न ठेवताच थांबल्या.

"सर, येशी चालू हाय आन् तुमी घामानं भिजलाय."

"ॲसिडिटी आहे मावशी. एवढं टेबल संपवतो."

"आमचं मालक बी ह्येच म्हनलं हुतं. आशिडिटी."

मावशींचे मालक नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मावशींनी सरांचा लॅपटॉप मिटला, मी मारणेमामांना फोन केला. मोठ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने चालल्या होत्या. मामांनी गाडी नेऱ्याच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्याला घातली. मागच्या सीटवर मावशींनी सरांचा हात धरून ठेवला होता आणि सर मात्र माझ्याकडे बघून पुटपुटत होते, "फाइल सेव्ह केलीस ना?"

हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर आले. "गायकवाडांचं कोण आहे?"

आम्ही तिघेही उठलो.

"तुम्ही कोण त्यांचे?"

मामा म्हणाले, "गाडी माजी हाय." मावशी म्हणाल्या, "मी च्या देते." मी गळ्यातलं ऑफिसचं कार्ड पुढे केलं. डॉक्टरांनी आमच्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. तिघेही इकडे या."

डेन्मार्कला फोन लावून मी सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही मी केली. नात्याच्या रकान्यात 'ऑफिस' लिहिलं. संध्याकाळी डॉक्टर सांगायला आले, ब्लॉकेज काढलंय, आता काळजी नाही. तोवर धीराने बसलेले मामा तिथेच रडायला लागले, आणि मावशी त्यांना रागावल्या!

*

दीड महिन्याने सर परत आले. वाळलेले, पण हसरे. आल्या आल्या कामाला लागू नका म्हणून आम्ही सांगितलं, तरी नवा प्रश्न मराठीत करून घेऊन बसलेच. जगभर विचारतात तोच, आयुष्याच्या शिडीचा. तो कळतो का, हे बघायला त्यांनी पारूमावशींना समोरच्या खुर्चीत बसवलं.

"मावशी, समजा एक शिडी आहे, दहा पायऱ्यांची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या मनासारखं आयुष्य. सगळ्यात खालची म्हणजे अगदी वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?"

मावशींनी नीट विचार केला. पदराला हात पुसले.

"शिडी धरलीया कुनी?"

"म्हणजे?"

"खाली शिडी धरायला कोन हाय, त्ये आदी सांगा सर. मंग मी सांगते, किती वर जायाचं!"