डब्यात ठेवलेला कान

कल्याणहून येऊन दुपार झाली तरी राग उतरलेला नाही. बोलून दाखवायला कुणी नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहिता येतं मला.

माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी मोठ्या हॉस्पिटलात सरकारी योजनेतून फुकट ऑपरेशन झालं. डोक्याच्या आत एक भाग बसवला आणि कानामागे लावायचं मशीन दिलं. देताना तिथल्या माणसाने बजावलं, "जपा हं. फार महाग आहे. पाणी लागू देऊ नका, पाडू नका. हरवलं तर दुसरं मिळणार नाही." निघताना ह्यांना बाजूला घेऊन परत तेच सांगितलं. सोबत जाड पुस्तक, सगळं इंग्रजी. शेजारच्या कॉलेजवालीला दाखवलं तर म्हणाली, "काकू, मला तर वायरींची चित्रंच कळतायत."

मग आम्ही जपलं. आमच्यात महागाची वस्तू रोज वापरतात का? विहारात जायची माझी पांढरी साडी ट्रंकेत असते. सोन्याचे कानातले स्टीलच्या डब्यात. त्याच डब्यात सासूबाईंनी मशीन धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. म्हणाल्या, "ह्या चाळीत पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. फुटलं म्हणजे?" पोरगीही ते लावलं की रडायची, ओढून काढायची. मग बाहेर जातानाच लावायचं, घरी आलं की डब्यात. टिटवाळ्याला नणंदेच्या मुलाच्या लग्नात लावलं, तर डीजे सुरू होताच तिने किंकाळी फोडली. जाऊ म्हणाली, "तिला सोसत नाही गं ते. कशाला हाल करतेस?" पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हे असंच चाललं.

आज कल्याणच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं.

"रोज किती वेळ लावता?"

मी पोरीचा फ्रॉक नीट करायला लागले.

"मशीन किती वेळ चालू होतं ते इथे दिसतं मला. शोकेसमध्ये ठेवायला दिलंय का? हीच वर्षं बोलणं शिकायची आहेत, ती चालली वाया. फुकट मिळालं की किंमत नसते तुम्हा लोकांना."

किंमत नसते! अहो, किंमत होती म्हणून तर सोन्याशेजारी ठेवलं.

मी चारचौघांत बोलत नाही. वाण्याकडे साखर मागायलासुद्धा दुसऱ्या बायका जाईपर्यंत थांबते. पण आज तोंडातून निघालं, "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलंच असणार. पुस्तकात आहे."

"पुस्तक इंग्रजीत आहे. जपा एवढं मात्र मराठीत सांगितलं, तेही दोनदा. आता बाकीचं तुम्ही सांगा. सांगितल्याशिवाय मी उठणार नाही."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. दारातून दोन बायका डोकावल्या. मॅडम खुर्ची माझ्याकडे वळवून सांगायला लागल्या. झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर लावायचं. सुरुवातीला मूल रडतं, पण म्हणून काढून ठेवायचं नाही. इथे आणायचं, आवाज कमी करून मिळतो. डीजेजवळ न्यायचं नाही. आणि घरात जे काम चाललं असेल ते तिच्याशी बोलत करायचं, ती उत्तर देवो न देवो.

एवढंच होतं. कप धरून बोलत होत्या, त्यातला चहासुद्धा निवला नव्हता. एवढ्यासाठी माझ्या लेकीचा पावसाळा आणि दिवाळी मुकी गेली, आणि दोष आमच्या माथी!

ठाकुर्लीला घरी पोचले तर सासूबाई डबा उघडून बसलेल्या. "आण, ठेवते."

"नाही आई. आता झोपेपर्यंत कानालाच."

"आणि फुटलं तर?"

"फुटलं तर भांडेन. आज जमलं मला."

कानातले काढून पाकिटात ठेवले आणि डब्यात तूरडाळ ओतली. पोरगी समोर बसलेली. "डाळ," मी म्हटलं. "ही डाळ." रिकाम्या घरात एकटीने बोलल्यासारखी लाज वाटत होती. डबा हलवला तशी तिने बघितलं, पण आवाजाला बघितलं की डब्याच्या चमकेला, कळेना.

म्हणून उठून तिच्या पाठीमागे गेले आणि परत हलवला.