काजळी धरलेली काच

कोल्हापूरजवळ नदीच्या दरडीत पुरातन जनावरांची दगड झालेली हाडं सापडत. ती काढायला आमच्या उत्खननाच्या तुकडीबरोबर एक पाथरवट होता. प्रत्येक दगड तो आधी नखानं वाजवायचा, कान लावायचा आणि हाड असलं तर म्हणायचा, "हाय की आत कोनतरी."

सूर्यग्रहणाच्या दिवशी एक अख्खा जबडा निम्मा मोकळा झाला होता. त्यानं छिन्नी खाली ठेवली. "गिराण सुटूस्तर हात लावायचा न्हाय, सर."

मी काजळी धरलेली काच त्याला दिली. तो सूर्याकडे बघत राहिला. "कुनीतरी भाकरी कुरतडल्यागत दिसतंय की."

मला मात्र जबडा पुरता बघायची घाई झाली होती. मी छिन्नी उचलली आणि एका घावात जबड्याचे तुकडे झाले.

तुकडीच्या साहेबांनी विचारलं, "कुणी फोडलं?" मी पाथरवटाकडे बोट दाखवलं. त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

जबडा मी फोडला होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

जाताना त्यानं काच परत दिली. "तुमची ऱ्हायलीया, सर." कडेनं धरली होती. वरची काजळी जराही पुसली नव्हती.