चौथीच्या वर्गातला पडदा

खडूबाई हे नाव त्यांना मुलांनी दिलं. बाहीला, कपाळाला, चष्म्याच्या काडीलासुद्धा खडू. तीस वर्षं त्यांनी चौथी शिकवली आणि त्यातली चोवीस वर्षं मी त्याच शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली. बाई तोंडाने फटकळ. हेडमास्तरांनाही चार शब्द सुनवायच्या. पण भागाकार न येणारं एकही पोर त्यांनी पाचवीत ढकललं नाही.

मग सरकारला शाळा डिजिटल करायची हुक्की आली. गळक्या छपराला पैसा नव्हता, पण चौथीच्या भिंतीवर खाटेएवढा काचेचा पडदा लावायला निधी मंजूर झाला. अट एकच: जुना फळा काढा, मोकळ्या भिंतीचा फोटो पाठवा, मगच पडदा मिळेल. तो फळा मीच उखडला. आठवलं की आजही स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

पडदा वर्षभर चालला. खोटं कशाला बोलू, हलती चित्रं बघून मुलं खूश होती आणि बाईही हौसेने शिकल्या. मग एका सोमवारी पडद्यावर एकच ओळ आली: परवाना संपला आहे. पडदा घ्यायला निधी होता, परवाना वाढवायला नव्हता.

बाईंनी तक्रारी केल्या. दर वेळी फोनवर संदेश यायचा, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' भिंतीवर काळा पट्टा रंगवायची परवानगी मागितली, तर उत्तर आलं, 'डिजिटल वर्गात फळा अनुज्ञेय नाही.' आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! चार महिने बाई दाराच्या मागे, कपाटावर, शेवटी फरशीवर भागाकार लिहीत राहिल्या. मागच्या बाकावरची पोरं माना वाकड्या करून बघायची आणि चुकीचं उतरवून घ्यायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, बाईंचं तर विचारूच नका.

एके दिवशी शाळा सुटल्यावर बाई रंगाचा डबा घेऊन आल्या.

"दादा, पॉलिश पेपर आहे का?"

"कशाला?"

"पडद्याची काच घासायचीय. नाहीतर रंग धरणार नाही."

मी हादरलोच. "बाई, सरकारी माल आहे तो! निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या. नोकरी जाईल."

"माझी नोकरी जाईल. आणि यांचं वर्ष चाललंय वाया, त्याचं काय? घासताय की मी घासू?"

मी घासलं. रंगाचे दोन हात दिले. सकाळी बाईंनी त्यावर पहिला आकडा काढला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "दिसतंय!"

दीड महिन्यात मागचा बाक भागाकार करायला लागला. मग तपासणीचे साहेब आले. आधी पडद्याकडे बघितलं, मग हातातल्या तक्त्याकडे.

"पडद्याचा रोजचा वापर किती तास?"

"पाच," बाई म्हणाल्या. "लिहा. दुसऱ्या कुठल्या शाळेत एवढा होत असेल तर मला सांगा."

साहेब लालबुंद झाले. पडदा बंद का पडला, हे त्यांनी विचारलं नाही. पोरांना काय येतं, हेही नाही. रंग कोणी लावला, तेवढंच विचारलं. मी तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "मी. एकटीने."

आठवड्यात बाईंच्या निलंबनाचं पत्र आलं. शासकीय मालमत्तेचं विद्रूपीकरण म्हणे! त्याच टपालात दुसरं पत्र होतं: शाळेला आणखी दोन पडदे मंजूर. हेडमास्तरांनी बदली शिक्षक मागितला, तर त्यांना सांगण्यात आलं की त्यासाठी निधी नाही.

तेव्हापासून चौथीचा वर्ग मी सांभाळतो. पाढे म्हणवून घेतो. मला बारापर्यंतच येतात.