राहुरीहहह

लग्नानंतर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला एकदाच विचारलं होतं, "जावईबापू, तुमी नेमकं करता काय?" मी डेस्कटॉपवर चालणारी सॉफ्टवेअरं लिहितो आणि त्यातही कीबोर्डचे शॉर्टकट हा माझा खास प्रांत. पण हे खर्ड्याला, सासुरवाडीच्या ओट्यावर बसून सांगायचं कसं? मी म्हणालो, "बटण दाबलं की काय व्हावं, ते मी ठरवतो."

मामांनी जरा विचार केला. "आन् न्हाई दाबलं तर?"

"तर काही होत नाही."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सासुरवाडीत मी 'कॉम्प्युटरमधी काहीतरी करणारे दाजी' होऊन राहिलो. कुणाचा प्रिंटर बिघडला की मला बोलावणं यायचं. मला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण जावयाचा मान राखायचा म्हणून मी तो उघडून बघायचो आणि गंभीर चेहऱ्यानं बंद करायचो.

यंदा जत्रेतल्या कबड्डीला मोठा एलईडी स्क्रीन आणायचं ठरलं. त्यावर गुण कोण चालवणार, असं निघालं तेव्हा मामा भर बैठकीत बोलून बसले, "आमचे जावई करतील." मला कोण आनंद झाला. बायको म्हणाली, "बाबांनी गावात शब्द टाकलाय. त्यांची मान खाली जाईल असं काही करू नकोस. साधं कर."

साधं करायला मी काय वेडा आहे? दोन बटणांत भागलं असतं तिथं मी शॉर्टकटांचा बाजार मांडला. वेळ थांबवायला एक, गडी बाद झाला की एक, चुकीचा गुण मागे घ्यायला एक. त्यातले मुख्य दोन गुण वाढवायचे: यजमानांसाठी होमचा एच आणि पाहुण्यांसाठी गेस्टचा जी. नगरला घरी बसून सगळे दाबून पाहिले आणि ते झकास चालले.

अंतिम सामना खर्डा आणि राहुरीचा. किल्ल्याच्या बाजूचं मैदान गच्च भरलेलं. पंच म्हणाले, संघांची नावं मराठीत पाहिजेत. मी ऐटीत कीबोर्ड मराठीवर घेतला, आधी 'खर्डा' लिहिलं, मग 'राहुरी'. शिट्टी झाली. पहिल्याच चढाईत खर्ड्याकडून खेळणाऱ्या माझ्या मेव्हण्यानं गडी टिपला आणि मी एच दाबला.

गुण काही वाढला नाही. स्क्रीनवर मात्र 'राहुरीह' असं आलं. मला वाटलं नीट दाबलं गेलं नसेल, म्हणून जोरात दाबलं. मग आणखी जोरात. मैदानभर दिसेल एवढ्या अक्षरांत आमचा स्क्रीन पाहुण्यांना हसत होता: 'राहुरीहहह'.

झालं होतं असं की कर्सर अजून नावाच्याच चौकटीत बसला होता. घाम पुसत बाहेर क्लिक केलं तर स्क्रीनचं हसणं वाढायचं थांबलं, पण पुन्हा एच दाबला तरी गुण शून्यच. कारण कळ कोणती दाबली हे विचारायच्या ऐवजी मी प्रोग्रॅममध्ये अक्षर कोणतं आलं हे विचारून ठेवलं होतं. घरी एच यायचा, इथं ह येत होता. ज्या विषयावर मी ऑफिसातल्या नव्या पोरांचे तास घेतो, त्याच विषयात मी असा तोंडावर पडलो.

राहुरीचा कप्तान तावातावानं टेबलाशी आला. "एवढ्या लांबून आलोत आमी. टिंगल करायला बोलवलं व्हय? आमी खेळत न्हाई." त्याचे गडी चटईवरून बाहेर निघाले. मामा उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील मशीन बिघडलंय, आणि तसंच म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

"हे आमचे जावई," मामा शांतपणे म्हणाले. "त्यांनी मुद्दाम केलं न्हाई. त्यांच्यानं मुद्दाम काय हुतच न्हाई."

आधी कप्तान हसला, मग सगळं मैदान. मी नावातले जादा ह पुसले, कीबोर्ड इंग्रजीवर आणला, पंचांनी सांगितलेला गुण भरला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. मामा मात्र जागेवर परत गेले नाहीत, माझ्या पाठीशीच थांबले.

शेवटची चढाई बरोबरीत. राहुरीचा गडी आमच्या कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावून परतला आणि पंचांचा हात राहुरीकडे गेला. माझं बोट जीच्या बटणावर, पण दाबवेना. मेव्हणा चटईवर डोकं धरून बसला होता.

"थांबलात का?" मामा म्हणाले.

"मामा, आपण हरतोय."

"ते पोरांचं झालं. तुमी दाबा."

मी दाबलं. गुण चढला आणि नाव राहुरीच राहिलं.

निघताना कप्तान निरोप घ्यायला आला. माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी करत्यात काय?" मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "बटण दाबलं की काय व्हावं, ते ठरवत्यात." मला वाटत होतं, ओट्यावरचं ते बोलणं मामा कधीच विसरले असतील.