बसून केलेलं वावर

लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय नेले, हट्ट मात्र शाबूत ठेवला. एरंडोलजवळच्या आमच्या गावात मी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा खाली बांधून, हातांवर सरकत सगळीकडे जाते. चाळिशी ओलांडल्यावर मी आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, विहिरीजवळचं अर्धा एकर वावर कसायला मागितलं.

"तू वावरमा कशी चालशी?" आबा म्हणाले.

"चालनं कोणले शे? मी बसीसन करसू."

त्यांनी एक हंगाम दिला. नाही जमलं तर वावर शेजाऱ्याकडे बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, जाणार होतं.

मी भरताची वांगी लावली. दोन ओळींतलं अंतर स्वतःवरूनच मोजलं. मधे बसले, दोन्हीकडे वीत वीत सोडली, खुणा केल्या. शहाणपणाचा कळसच! वांग्याचं झाड पसरतं हे जन्मापासून बघत आले, पण त्या दिवशी ते डोक्यात शिरलंच नाही.

पहिल्या तोडणीला ओळींच्या मधोमध अडकले. पुढे फांद्या, मागे फांद्या, ओढणी काट्यांत. आबा बांधावर उभे. गेलं वावर, असं वाटलं आणि रागानं रडूच आलं.

"थांब, मी तुले उचली लेस," म्हणत आबा आत शिरले.

"माले उचलू नका. हाई वळ उपटा."

ते थबकले. फळ धरलेल्या झाडांची अख्खी ओळ उपटायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. बांधावर आपसूक उगवलेल्या भेंडीलाही ते पाणी घालतात. मी वाट बघितली नाही. शेजारचं झाड मुळासकट ओढलं, मग दुसरं. तिसऱ्याला त्यांचा हात लागला. दुपारपर्यंत एकाआड एक ओळ आम्ही मोकळी केली आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवत सरकत गेले.

उपटलेल्या झाडांवरची वांगी टोपल्यांत मावेनात. मग काय, अख्ख्या गल्लीला वावरातच भरताचं आवतन! कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली, मिरची-लसूण ठेचला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. पेरणीबद्दल उभ्या जन्मात कोणाला काही न विचारणारे आबा भाकरी मोडता मोडता माझ्याकडे वळले.

"पुढला साले तुन्हा वावरमा काय लावशी?"

मी सगळ्या गल्लीदेखत मोठ्यानं रडले, आणि मग आणखी भरीत वाढून घेतलं.