राखेची रेघ

धोंडबाजी मेश्राम आयुष्यात कधी फुटबॉल खेळले नाहीत. बॉल घरंगळत त्यांच्यापर्यंत आला तर ते त्याला पाय लावत नसत. दोन्ही हातांनी उचलायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि जवळच्या खेळाडूच्या हातात द्यायचे. रेफ्री ओरडला तरी त्यांची ही सवय काही गेली नाही. तरीही इंदोरा वस्तीतल्या आमच्या प्रबुद्ध क्लबात त्यांच्याइतका जुना माणूस दुसरा नव्हता. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर फक्की मारणं हे त्यांचं काम. क्लब निघाला त्या वर्षापासून, म्हणजे अठरा वर्षं, दर रविवारी सकाळी ते चुन्याच्या रेघा ओढत आले होते.

मिलमध्ये ते विणकर होते. लूमवर तुटलेला धागा न बघता जोडायची बोटांना सवय झालेली. मैदानाचा दोरही त्यांनीच तयार केला होता. त्याला सारख्या अंतरावर गाठी होत्या. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका बाजूला तीन गाठी मोजायच्या, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्या दोन टोकांमध्ये बरोबर पाच गाठी बसल्या की कोपरा काटकोनात आला. मग त्या दिशेनं लांब सुतळी ताणायची आणि तिच्यावरून फक्की सोडत जायचं. पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षी सर्व्हेच्या तासाला मी हेच शिकलो आणि धावत त्यांना सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या मास्तरले कोणं सांगतलं गा हे?" त्यांनी विचारलं. "आमच्या मिलमध्ये येऊन गेले काय?"

मी क्लबात लेफ्ट हाफ खेळायचो. आम्ही सी डिव्हिजनमधले. कुणी मिलमध्ये, कुणी पोस्टात, कुणी सायकलरिक्षावर, दोन-तीन माझ्यासारखे शिकणारे. जिंकण्यासाठी आमची ख्याती नव्हती. पण रविवारी चार वाजता अख्खी वस्ती मैदानाच्या कडेला येऊन बसायची. सिंधूताई उकडलेल्या चण्यांची टोपली घेऊन कॉर्नरपाशी बसायची आणि तिथून आमचा जाहीर उद्धार करायची. "पळ ना गा, सासऱ्याच्या घरी जेवाले चालला काय?" हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. आधी पेपरात दुसऱ्या गावांची नावं होती. मग एका रविवारी आमचा गोलकीपर लहानू लालभडक डोळे घेऊन गोलमध्ये उभा राहिला आणि त्यानं सहा गोल खाल्ले.

"मले दोन-दोन बॉल दिसून राहिले होते," तो म्हणाला.

"मंग एकतरी पकडाचा ना बाबू," सिंधूताई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अर्धी टीम डोळे मिटून घरात पडली होती. शाळा बंद झाल्या, आणि लीगचे सगळे सामने पुढची सूचना येईपर्यंत थांबवल्याचं पत्र आलं. आमचे सेक्रेटरी मनोहरराव पोस्टात होते. काळा चष्मा लावून, टाकीच्या कठड्यावर उभं राहून त्यांनी ते वीस हातांवरून वाचून दाखवलं. इतक्या लांबून कशाला? तर आलेल्या डोळ्यांकडे नुसतं पाहिलं तरी आपले डोळे येतात अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती. रोग हातरुमालातून, टॉवेलातून पसरतो, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पण वस्तीत एकच टॉवेल चौघांत चालायचा आणि नजर मात्र कुणी कुणाला देत नव्हतं.

सामने थांबले, रविवार मात्र थांबला नाही. चार वाजले की माणसांना घरात बसवेना. एकेक करून लोक मैदानावर यायचे आणि आपापल्या ठरलेल्या जागी, पण एकमेकांकडे पाठ करून बसायचे. मधे मैदान रिकामं. कुणीतरी जुन्या मॅचची गोष्ट काढायचा, पाठीमागून दुसरा त्याला खोटं पाडायचा. सिंधूताई चण्यांच्या पुड्या दगडावर ठेवून तोंड फिरवायची, गिऱ्हाईक मान वळवून चाचपडत पुडी उचलायचं. एकदा दोघांचे हात एकाच पुडीवर पडले. त्यावरून भांडण झालं, तेही दोघांनी विरुद्ध दिशांना तोंडं करून केलं.

धोंडबाजी मात्र बसत नव्हते. मॅच नसली तरी रविवारी सकाळी ते फक्की मारायचेच.

"कायले मारता चुना?" मनोहररावांनी विचारलं. "खेळाले कोणी नाही, अन् पाणी आलं का वाहून जाते."

"वाहून जाऊ द्या. पुन्हा मारीन." त्यांनी मैदानापलीकडे बोट केलं. "तिकडं पाहा न तुमी."

पलीकडे मधुकररावाची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. टालीची जागा खोलगट, पावसात तिथं पाणी साचायचं. मैदान उंचावर. मैदान नझूलचं, म्हणजे सरकारी जमीन, आमच्याकडे त्याचा एकही कागद नव्हता. अठरा वर्षांत कुणी हटकलं नाही एवढाच आमचा हक्क. मधुकरराव वाईट माणूस नव्हता. लाकूड भिजू नये म्हणून तो चार ओंडके वर आणून ठेवायचा, पण पांढरी रेघ दिसली की तिच्या अलीकडे थांबायचा.

"त्याले रेघ दिसली पाहिजे," धोंडबाजी म्हणाले. "मोकळं दिसलं का माणूस बसते. मी बी बसलो असतो."

पाचव्या आठवड्यात धोंडबाजींचेच डोळे आले. नुसते लाल नव्हते, सुजून बंद झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यांचं काम विचारलं आणि चुन्याचं नाव ऐकताच तो खुर्चीवरून उठला. अशा डोळ्यांत चुना गेला तर नजर जाईल, असं त्यानं सांगितलं. अंजनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याच दिवशी चुन्याचं पोतं शेजारच्या गोपिकाबाईच्या घरी नेऊन ठेवलं.

दोन रविवार रेघ पडली नाही. पाऊस लागून राहिला होता. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडले होते आणि हातात तो गाठींचा दोर होता. जपमाळेसारखा बोटांतून सरकत होता.

"टाल कुठवर आली?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलणार होतो. पण अंजनाबाईच म्हणाल्या, "आली आतमंदी. चांगली कंबरभर रास हाय. आता तुमी उठू नका, मी सांगून राहिली ना."

"दिसत नाही तं का झालं? हातानं चाचपून मारीन. तू पोतं आण वं."

"पोतं भेटत नाही."

"अंजना."

"डोळे गेले तं तुमाले मॅच मी सांगत बसू काय? मले ऑफसाइड समजत नाही."

मग त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि टोपलीत काहीतरी भरायला लागल्या. मी वाकून पाहिलं. राख होती.

"याच्यानं तं भांडे घासतो आमी," त्या म्हणाल्या. "हातालेही काही होत नाही. चाळून घेतो."

एका चुलीच्या राखेनं मैदान होत नाही. त्या दारोदार गेल्या. रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा टाकीमागे राखेच्या पाट्या, घमेली, डालड्याचे डबे यांची रांग लागली होती. साठ-सत्तर माणसं आली, सगळी एकमेकांकडे पाठ करून. धोंडबाजींना लहानूनं हाताला धरून आणलं. त्याचे डोळे येऊन गेले होते, त्यामुळे तो आता कुणाच्याही डोळ्यांत बेधडक बघत होता. धोंडबाजींनी कोपऱ्यातल्या खुंटीपाशी बसून, डोळ्यांवर फडकं बांधूनच बोटांनी गाठी मोजल्या. तीनच्या गाठीवर लहानू, चारच्या गाठीवर सिंधूताई. लहानू धोंडबाजींकडे तोंड करून होता. सिंधूताईनं मात्र तिकडे पाठ केली आणि दोर पाठीमागे दोन्ही हातांत धरला.

"ताणला का?" धोंडबाजींनी विचारलं.

"ताणला, ताणला. चाला लवकर, मले इकडचं सगळं गाव दिसून राहिलं, तुमचंच तेवढं दिसत नाही."

सुतळी टालीच्या कडेनं दूरवर गेली. तिच्यावरून बाया ओंजळीनं राख सोडत निघाल्या, एकीच्या मागे एक. शेवटी ओंडक्यांची रास आडवी आली. सगळ्यात पुढे अंजनाबाई होत्या. त्यांनी मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "लाकडं आले! आता?"

"रेघ थांबवू नको," पलीकडून आवाज आला.

अंजनाबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि त्या राशीवर चढल्या. राखेची रेघ ओंडक्यांवरून वर गेली आणि पलीकडे उतरली.

अर्ध्या तासात मधुकरराव छत्री घेऊन आला. त्यानं आधी आपल्या लाकडांकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या गर्दीकडे.

"हे का लावलं? माझ्या मालावर राख? मी मेलो का?"

"मेले नाही, पण आतमंदी आले," सिंधूताई त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"मी चार ओंडके ठेवले असन. ही लाईन तं माझ्या टालीतून गेली! एवढी बाहेर कधी होती?" आणि त्याची नजर माझ्यावर पडली. "तू शिकून राहिला ना इंजिनेरी? टेप आण. तूच माप, अन् तूच सांग."

माझ्याकडे कॉलेजचा शंभर फुटी टेप होता. मी तो आणला, पण कोपऱ्यापर्यंत मुद्दाम हळू चालत गेलो. सिंधूताईनं धरलेल्या गाठीची जागा मी आधीच पाहिली होती. पाठ फिरवून उभं राहिल्यामुळे ती चार बोटं बाहेर सरकली होती. कोपऱ्यावर चार बोटं म्हणजे काहीच नाही. पण तीनशे फूट पुढे गेल्यावर त्याचे सहा फूट होतात. मी गोलच्या खांबांपासून मापलं, पुन्हा मापलं. सहा फूटच. सगळी वस्ती माझ्याकडे पाठ करून माझं उत्तर ऐकायला थांबली होती. काही तरी पुटपुटून वेळ मारून न्यावी असं वाटलं.

"सांग," धोंडबाजी म्हणाले.

"या टोकाला रेघ चुकली," मी म्हणालो. "सहा फूट बाहेर गेली."

मधुकररावानं छत्री मिटली. गर्दीतून कुणीतरी मला शिवी दिली. सिंधूताईच असावी.

धोंडबाजी दोर गुंडाळत उठले. लहानूच्या खांद्यावर हात ठेवून ते राशीपर्यंत आले. "खुरपं द्या," ते म्हणाले. मी टेपनं दाखवलेल्या ठिकाणी, ओंडक्यांच्या मधल्या फटीत, ते गुडघ्यांवर बसले आणि काळी माती उकरायला लागले. बोटभर माती निघाली आणि खाली पांढरा पट्टा दिसला. अठरा वर्षांचा चुना तिथं थरावर थर बसला होता. त्यांना तो दिसत नव्हता. त्यांनी बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे आमची रेघ," ते म्हणाले. "पोरगा खरं बोलला. राखेची चुकली. आमी सहा फूट मागं घेतो, मधुकरराव." मग त्यांनी हातानंच चाचपत पांढऱ्या पट्ट्यापासून राशीच्या पुढच्या तोंडापर्यंत पाच वितींहून जास्त अंतर मोजलं. "तुमी चार फूट मागं घ्या."

मधुकररावानं छत्रीच्या टोकानं तो पांढरा पट्टा टोकरून पाहिला. भांडायला आलेल्या माणसाला समोरचा आधी आपलीच चूक मान्य करील असं वाटलेलं नसतं.

"पाणी घुसते माझ्याकडं," तो शेवटी म्हणाला. आवाज उतरला होता.

"तं टाकीच्या अंगाला उंच जागा हाय, रेघेच्या बाहेर. तिकडं ठेवा. आमी उचलू लागतो."

तेवढ्यात अंजनाबाईंनी त्यांची दोन्ही मनगटं धरली. "तो हात डोळ्याले लावू नका! चुना हाय तो!" त्यांनी तिथंच आपल्या पदरानं त्यांचं एकेक बोट पुसलं, नखांतलं सुद्धा, आणि सगळ्या वस्तीसमोर ते हात आपल्या हातात धरूनच त्यांना घरी नेलं. ओंडके आम्ही उचलले. सहा फुटांची राख झाडून पुन्हा पांढऱ्या पट्ट्यावर घातली. ह्या वेळी सिंधूताई सुतळी धरून समोरच्या गर्दीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिचे डोळे आले. ते आपल्याला त्या मापामुळेच आले असं ती अजून सांगते.

लीग सुरू झाली तेव्हा नवरात्र जवळ आलं होतं. धोंडबाजींची नजर बरीचशी परतली होती, पण डाव्या डोळ्यासमोरचं धुकं काही गेलं नाही. फक्की लहानू मारायला लागला. कोपरा मात्र धोंडबाजी स्वतः धरायचे, आणि अंजनाबाई चारची गाठ धरायच्या.

पहिली मॅच आम्ही दोन-शून्यनं हरलो. धोंडबाजी टालीच्या बाजूला, रेघेपासून हातभर अंतरावर बसले होते. शेजारी अंजनाबाई.

"आता का झालं?" ते विचारत.

"पोरं पळून राहिले."

"कोणाकडं?"

"बॉलकडं तं दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि ते हसले.

मॅचच्या मधेच टालीतून मधुकररावाचा हमाल लाकडानं भरलेला ठेला ओढत निघाला. सरळ मैदानातून गेला असता तर त्याचा रस्ता निम्मा झाला असता, आणि त्या वेळी बॉल पलीकडच्या गोलपाशी होता. ठेल्याची चाकं करकरली तशी धोंडबाजींनी मान वळवली.

"कुठून चालला?" त्यांनी हळूच विचारलं.

अंजनाबाईंनी बघितलं. हमाल रेघेपाशी थांबला होता. मग त्यानं ठेल्याचा दांडा फिरवला आणि रेघेच्या कडेकडेनं, लांबचा वळसा घेत तो निघाला.

"बाहेरून," त्या म्हणाल्या.